वळचणीचे दुकान

फुकुशिमा प्रांताच्या पश्चिम भागात, डोंगरांनी वेढलेल्या आइझु खोऱ्याच्या उत्तर टोकाला किताकाता नावाचे एक लहान शहर आहे. तोक्योहून तेथे जायचे तर बुलेट ट्रेनने कोरियामा गाठावे, तेथून साध्या गाडीने आइझु-वाकामात्सू, आणि मग आणखी सोळा-सतरा किलोमीटर. सहज वाटेत लागावे असे हे गाव नव्हे. तरीही सकाळी सातच्या सुमारास येथील गल्लीबोळांतल्या काही दुकानांसमोर माणसे रांगेत उभी असतात, आणि ती न्याहरीला वाडगाभर रामेन खातात. रात्रपाळी संपवून कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार आणि पहाटेच शेतावर जाऊन आलेले शेतकरी यांच्यामुळे ही चाल पडली, असे सांगितले जाते. एके काळी या शहरात शंभराहून अधिक रामेनची दुकाने होती. लोकसंख्येच्या मानाने एवढी दुकाने जपानात क्वचितच कोठे सापडतील.

वाडग्यात काय असते ते आधी सांगितले पाहिजे. शेवया जाड, चपट्या आणि लाटेसारख्या वळणाच्या. कणकेत पाणी अधिक, म्हणून मऊ तरी चिवट. आपल्या पापडखाराच्या जातीचा कान्सुई नावाचा क्षार मैद्यात घालतात. त्याने शेवयांना पिवळसर झाक आणि ताण येतो. रस्सा डुकराच्या हाडांचा आणि वाळवलेल्या लहान तारल्यांचा, त्यात सोयाबीनचे आंबवलेले शोयू. वर मांसाचे काप आणि कांद्याची पात. चव सौम्य. पहिल्या घोटाला 'यात एवढे काय आहे' असे वाटावे आणि वाडगा रिकामा झाल्यावर त्या प्रश्नाचा विसर पडावा, अशा प्रकारची.

आज हा पदार्थ किताकाताची ओळख आहे. परंतु तो येथला नव्हे; तो एका चिनी माणसाने हातगाडीवर आणला.

त्याच्या नावाची अक्षरे चिनी उच्चारात पान छिन-शिंग अशी वाचली जातात. जपानात तो बान किन्सेई या नावाने ओळखला जातो. हा चच्यांग प्रांतातला तरुण १९२०च्या दशकाच्या मध्यास आपल्या चुलत्याच्या शोधात जपानात आला. चुलता किताकाताजवळच्या कानो खाणीत कामाला होता. पुतण्या तेथवर पोहोचला खरा, पण खाणीचे काम त्याच्या शरीराला झेपेना. तेव्हा त्याने शेवया मळायला घेतल्या आणि १९२६-२७च्या सुमारास गाडी ओढत गावात हिंडून तो त्या विकू लागला. असे फेरीवाले आल्याची वर्दी 'चारुमेरा' वाजवून देत. हे सनईच्या कुळातले वाद्य असून त्याचे नाव पोर्तुगीजांकडून आले आहे. पुढे गाडीचे दुकान झाले. दुकानाचे नाव 'गेन्राइकेन'. 'गेन्' म्हणजे मूळ, उगम. 'राइ' म्हणजे येणे. आणि 'केन्' या अक्षराचा अर्थ छपराचा बाहेर आलेला भाग, म्हणजे आपली वळचण. तोक्योतील असाकुसा भागात ओझाकी कान्'इची यांनी १९१० मध्ये योकोहामाच्या चिनी वस्तीतले आचारी आणून जे प्रसिद्ध दुकान काढले, त्याचे नावही 'राइराइकेन' होते. अशा नावांत 'केन्' ही रूढच आहे, तिचा फार अर्थ लावू नये हे खरे. पण परक्या मुलखात चुलत्याला शोधत आलेल्या माणसाच्या दारावर 'वळचण' हे अक्षर असावे, याची नोंद मराठी वाचक घेतल्यावाचून राहणार नाही.

मागणाऱ्याला त्याने शेवया करण्याची रीत हातचे न राखता शिकवली, असे तेथे सांगतात. गावातली पुढची दुकाने या एका दुकानाच्या हाताखालून किंवा त्याच्या नमुन्यावर उभी राहिली. पर्यटकांना सांगितली जाणारी गोष्ट बहुधा येथेच संपते: चिनी तरुण आला, त्याने शेवया दिल्या, गाव समृद्ध झाले. गोष्ट खोटी नाही. मात्र तिच्या दोन्ही बाजूंना जी वर्षे आहेत ती तिच्यातून गळून गेली आहेत, आणि ती पुन्हा तेथे ठेवून पाहिल्याशिवाय या वाडग्याचा इतिहास वाचता येत नाही.

पहिले वर्ष १९२३. सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला तोक्यो-योकोहामाचा महाभूकंप झाला. त्यानंतर उठलेल्या अफवांत जमावांनी, पोलिसांनी आणि सैनिकांनी हजारो कोरियन माणसे ठार मारली. त्यांच्याबरोबर शेकडो चिनी मजूरही मारले गेले. तोक्योच्या ओजिमा भागात ३ सप्टेंबरला मारल्या गेलेल्या मजुरांपैकी बहुतेक चच्यांग प्रांतातल्या वन्चौ परिसरातले होते, पोटासाठी आलेले. बान किन्सेई त्याच प्रांतातून, या घटनेनंतर अवघ्या दोन-तीन वर्षांत जपानात येतो. खेड्यात 'जाऊ नकोस' म्हणणारे कोणी नसेल, असे कसे म्हणावे?

दुसरे वर्ष १९३७. दुकान सुरू होऊन जेमतेम दहा वर्षे झाली होती. जुलैमध्ये चीनशी उघड युद्ध पेटले आणि शेजारच्या आइझु-वाकामात्सूची पासष्टावी पायदळ पलटण चीनला गेली. तिच्यात आसपासच्या गावांतले शेतकरी आणि कामगार होते. डिसेंबरात नानचिंग पडले तेव्हा शहराच्या उत्तरेस मूफू डोंगराजवळ या पलटणीच्या हाती चौदा हजारांहून अधिक कैदी लागल्याची बातमी जपानी वृत्तपत्रांत अभिमानाने छापून आली होती. पुढे त्या कैद्यांचे काय झाले हे वृत्तपत्रांनी छापले नाही. यांग्त्से नदीच्या काठी त्यांची कत्तल झाली. हे कळले ते मुख्यतः त्या सैनिकांच्याच दैनंदिन्यांतून. आणि त्या गोळा केल्या ओनो केन्जी नावाच्या, फुकुशिमातल्याच एका कारखान्यात काम करणाऱ्या गृहस्थाने. म्हाताऱ्या सैनिकांची दारे ठोठावीत त्याने हे साहित्य जमवले. ते १९९६ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. विद्यापीठातल्या इतिहासकारांना हे काम आधी का सुचले नाही, हा प्रश्न आम्हा प्राध्यापकी पेशातल्या मंडळींना थोडा झोंबणारा आहे. असो.

म्हणजे एकाच खोऱ्यात, एकाच दशकात, चच्यांगचा एक माणूस गावकऱ्यांना शेवया करून घालत होता आणि त्या खोऱ्यातली माणसे त्याच्या देशात, त्याच्या प्रांताला लागून असलेल्या प्रांतात, बंदुका घेऊन उतरली होती. ही दोन वाक्ये मी कार्यकारणाने जोडू इच्छीत नाही.

या काळात त्या पदार्थाला रामेन म्हणत नसत, 'शिना सोबा' म्हणत. सोबा म्हणजे खरे तर कुट्टूच्या पिठाच्या शेवया. येथे मैदा असूनही नाव तेच लागले. 'शिना' म्हणजे चीन, आणि या शब्दाची जन्मकथा आपल्या जवळची आहे. संस्कृतातला 'चीन' हा शब्द (कालिदासाचे 'चीनांशुक' आठवावे) बौद्ध ग्रंथांच्या भाषांतरांतून चिनी लिपीत गेला, आणि तेथून जपानी वाचनात 'शिना' झाला. मुळात त्यात कसलाही हीनभाव नव्हता. १८९४-९५च्या युद्धात जपानने चीनला हरवल्यानंतर तो हळूहळू कुत्सित होत गेला, इतका की चीनने त्याला आक्षेप घेतला. जूनमध्ये, १९४६ साली, पराभूत जपानच्या परराष्ट्र खात्याने हा शब्द टाळावा अशी सूचना काढली. मग पाट्यांवर 'चूका सोबा' आले. अर्थ तोच, चिनी शेवया. फक्त चीनचे नाव सन्मानाचे.

युद्धोत्तर काळ झटपट सांगता येईल. अन्नटंचाई, काळाबाजार, अमेरिकेतून येणारा गहू, तांदूळ खाणाऱ्या देशाला गव्हाची सवय लागावी म्हणून १९५६ पासून अमेरिकी पैशाने गावोगाव फिरवलेल्या स्वयंपाकगाड्या. १९५८ मध्ये आन्दो मोमोफुकू यांनी झटपट होणारे 'चिकिन रामेन' बाजारात आणले, आणि 'रामेन' हा शब्द देशभर रुळला. आन्दो यांचा जन्मही तैवानचा. चिनी शेवया जपानी झाल्या त्या अशा, आणि नावातून चीन गेला.

किताकाताकडे देशाचे लक्ष वळले ते मात्र शेवयांमुळे नव्हे. १८८०च्या आगीत घरे जळाली आणि जाड मातीच्या भिंतींची कोठारे तेवढी उभी राहिली, तेव्हापासून येथे ऐपत असलेल्या माणसाने कोठार बांधायचेच अशी रीत पडली. चाळिशीत ज्याला कोठार बांधता आले नाही त्याची गावात मान खाली. अशी चार हजारांवर कोठारे परिसरात आहेत. ती पाडली जात असताना एका स्थानिक छायाचित्रकाराने त्यांची छायाचित्रे काढली, १९७५ मध्ये दूरचित्रवाणीवर ती दिसली, आणि लोक कोठारे पाहायला आले. आलेल्यांना भूक लागली. १९८७ मध्ये दुकानदारांनी संघटना काढली.

आता पहाटेच्या त्या रांगेकडे वळू. गावातले एक अतिशय गाजलेले दुकान १९५८ मध्ये सुरू झालेले आहे, सूचनापत्र निघाल्यानंतर बारा वर्षांनी. तेथल्या पदार्थांच्या यादीत 'शिना सोबा' हेच नाव आहे. ते ठेवणाऱ्याच्या मनात द्वेष असेल असे मला वाटत नाही. जुन्या चवीला जुने नाव, एवढाच हिशेब असावा. सकाळी सात वाजता पाळी संपवून आलेला कामगार तेच नाव उच्चारतो, वाडगा घेतो, आणि कोपऱ्यातल्या टेबलापाशी बसून खातो.