फोटोवर फिरणारा हात

धरणगावसारख्या गावातल्या अनेक मुस्लिम घरांत दादा-परदादांचे फोटो फारसे सापडत नाहीत. फोटो काढावा की नाही यावर उलेमांमध्ये मतभेद होते, आणि स्टुडिओचा खर्चही परवडायला हवा. त्यामुळे कित्येकदा दादांचा एकुलता एक फोटो असतो तो हजच्या कागदपत्रांसाठी काढलेला. कोपरा ओलीने गेलेला, कपाळावरून घडीची रेघ. आज नातू तो मोबाईलवर घेतो, मोफत ऑनलाइन सॉफ्टवेअरमध्ये टाकतो आणि दहा मिनिटांत रेघ नाहीशी करतो.

ही कला मात्र नवी नाही. एकोणिसाव्या शतकात काचेच्या निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल फिरवून सुरकुत्या बुजवणारे कारागीर होते. आपल्याकडे तर फोटोवर हाताने रंग चढवायची परंपराच होती. वारलेल्या नवऱ्याचा फोटो कापून बायकोच्या शेजारी बसवणे हे स्टुडिओवाल्यांचे नेहमीचे काम. घरातल्यांना ते ठाऊक असे, म्हणून त्याला कुणी लबाडी म्हणत नसे.

याच जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावला, या कलेचा एक उस्ताद होऊन गेला. केकी मूस, जन्म १९१२, मृत्यू १९८९. पारशी घरातला हा माणूस रेल्वे स्टेशनजवळच्या आपल्या बंगल्याबाहेर आयुष्याची अनेक वर्षे क्वचितच पडला. टेबलावर घरातल्या साध्या वस्तू मांडायच्या, दिवे असे लावायचे की फोटोत दूरवरचा देखावा दिसावा. बघणारा फसतो आणि फसण्यात खूश होतो, कारण हे टेबलावरचे काम आहे हे मूस यांनी लपवले नाही. या प्रकाराला नावच ‘टेबलटॉप फोटोग्राफी’. तिकडे सोव्हिएत रशियात येझॉव्ह मर्जीतून उतरला, १९४० मध्ये गोळी घालून मारला गेला आणि कालव्याकाठच्या फोटोत स्टालिनशेजारून पुसलाही गेला. तंत्र थोडेफार तेच, पण तिथे सांगायचेच नव्हते.

संगणक आला तरी हे काम आधी पैसेवाल्यांचेच राहिले. फोटोशॉप १९९० मध्ये बाजारात आले, ते महाग होते. १९९६ मध्ये बर्कलेच्या दोन विद्यार्थ्यांनी, स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस यांनी, ‘गिंप’ मोफत दिले. ते उतरवून घ्यावे लागते. २०१३ मध्ये इव्हान कुत्स्किर यांचे ‘फोटोपी’ आले आणि तीही गरज संपली. ते ब्राउझरमध्येच उघडते, फोटो आपल्याच यंत्रावर राहतो. घरातल्या बायकांचे फोटो अनोळखी सर्व्हरवर चढवायला कचरणाऱ्यांसाठी ही बाब छोटी नाही.

‘क्लोन’ हे हत्यार शेजारचा तुकडा उचलून डागावर बसवते. घडीची रेघ यात छान जाते. पण ओलीने अर्धा गालच खाल्ला असेल तर? आजची स्वयंचलित सॉफ्टवेअर तो गाल हजारो परक्या चेहऱ्यांवरून अंदाजाने रचतात. रंगांचेही तसेच. बालकवी १८९० मध्ये धरणगावातच जन्मले. निसर्गाचे एवढे रंग लिहिणाऱ्या या कवीचा फोटो आपल्याला काळ्या-पांढऱ्यातच माहीत. त्यांच्या कपड्यांचा खरा रंग सॉफ्टवेअरला कोण सांगणार? म्हणून मूळ स्कॅन वेगळा ठेवावा, दुरुस्तीच्या प्रतीवर तारीख आणि काय बदलले ते लिहावे. उद्या कुणी घराण्याचा इतिहास लिहायला बसेल, तेव्हा त्याच्या हाती दादांचा चेहरा असावा, यंत्राचा अंदाज नव्हे.

इतिहासाच्या अभ्यासकाला फोटो हा पुरावा वाटतो. जमावालाही तो पुरावाच वाटतो, आणि जमाव मूळ प्रत मागत नाही. २०१४ च्या मे-जूनमध्ये छत्रपती शिवाजी महाराज आणि बाळासाहेब ठाकरे यांची विटंबना करणारी, फेरफार केलेली चित्रे फेसबुकवर फिरली. २ जूनच्या रात्री पुण्यात हडपसरला मोहसीन शेख या सोलापूरच्या तरुणाला मारहाण करून ठार केले गेले. तो पुण्यात आयटीत नोकरीला होता. त्या चित्रांशी त्याचा काहीही संबंध नव्हता. जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने पुराव्याअभावी आरोपींची सुटका केली.