वीज उपकेंद्र : पर्यावरणीय मूल्यमापन

उपकेंद्राची जागा, बांधकाम, पुढची सुमारे चाळीस वर्षे आणि अखेरची मोडणी या सगळ्यांचा परिसरावर पडणारा भार एकत्र मोजण्याची पद्धत. आयएसओ 14040 व 14044 ही जीवनचक्र-मूल्यमापनाची मानके तिला आधारभूत आहेत. भारतात 2006 च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेच्या यादीत उपकेंद्रे नाहीत. वनजमीन किंवा किनारपट्टीचा भाग लागला तर त्या त्या कायद्याची परवानगी लागते. ही मोठी उणीव आहे.

सिमेंट, पोलाद आणि तोडलेली झाडे डोळ्यांना दिसतात, म्हणून चर्चा त्यांचीच होते. खरा हिशेब रोहित्रापासून मांडायला हवा. रोहित्रावर भार असो वा नसो, ते चालू असेपर्यंत त्याच्या गाभ्यात वीज खर्ची पडतच असते. हा नो-लोड लॉस एका किलोवॉटने घटला तर वर्षाला 8,760 युनिट वाचतात. निविदेत नुसती खरेदीची किंमत पाहिली, तर ही बचत पहिल्याच दिवशी हातची जाते.

दुसरा पेच वायूचा. मुंबईत जागा मिळत नाही, म्हणून विक्रोळीच्या 400 केव्ही उपकेंद्रात वायुरोधित (जीआयएस) यंत्रणा आली. अशी यंत्रणा उघड्या स्विचयार्डाच्या मानाने थोड्या जागेत मावते. पण या यंत्रणेत सामान्यतः वापरला जाणारा सल्फर हेक्झाफ्लोराइड शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 23,500 पट तापवर्धक आहे. समजा, 1,000 किलो वायू भरला आणि वर्षाला अर्धा टक्का गळला, तर पाच किलो, म्हणजे सुमारे 117 टन कार्बन डायऑक्साइडइतका भार. म्हणून दर वेळी वायू भरण्याआधी आणि नंतर सिलिंडरचे वजन नोंदवावे. गळतीचा भरवशाचा पुरावा हाच. युरोपीय संघाने 2024 च्या नियमाने नव्या यंत्रणेतला हा वायू टप्प्याटप्प्याने बंद करायचे ठरवले आहे.

तेलाचा प्रश्न आपल्याकडे पावसाळ्यात कठीण होतो. रोहित्राखालचा खडीचा खड्डा कोकणातल्या पावसाने भरून गेला असेल, तर गळलेले तेल पाण्यावर तरंगत थेट नाल्याला लागते. खड्ड्याचे आकारमान ठरवताना तेलासोबत पावसाचे पाणीही धरावे आणि पाणी तेल-विलगकातूनच बाहेर सोडावे. वनस्पतिजन्य एस्टर तेल महाग पडते, पण ते मातीत लवकर विघटन पावते आणि सहजी पेट घेत नाही.

जुने उपकेंद्र मोडताना रोहित्राच्या तेलात पीसीबी (पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल) हे घातक रसायन आहे का, हे भंगारात देण्याआधी तपासले पाहिजे. स्टॉकहोम करारानुसार अशा द्रव्याच्या सुरक्षित विल्हेवाटीसाठी 2028 ची मुदत आहे.