देशमुख, पण कुठले?

‘नांदगावचे देशमुख’ एवढ्या दोन शब्दांच्या भरवशावर कुणी पूर्वज शोधायला निघालं, तर अमरावती जिल्ह्यातच त्याची पहिली फसगत होते. इथं नांदगावं दोन. एक नांदगाव पेठ, अमरावतीहून नागपूरकडे निघालं की हमरस्त्यावर लागणारं. दुसरं नांदगाव खंडेश्वर, तालुक्याचं ठिकाण. गावांचा गोंधळ ‘पेठ’ आणि ‘खंडेश्वर’ या जोडशब्दांनी मिटतो. देशमुखांचा मिटत नाही, कारण देशमुख हे मुळात आडनावच नव्हतं.

ते काम होतं. परगण्याचा वसूल गोळा करून सरकारात भरायचा तो देशमुख, त्याचा हिशेब ठेवायचा तो देशपांड्या. याच कामांना उत्तरेत चौधरी आणि कानूनगो म्हणत. मोबदल्यात रुसूम म्हणजे वसुलातला ठरलेला वाटा, इनाम जमीन आणि मानपान मिळे. हे वतन बापाकडून मुलाकडे जाई, भाऊबंदांत वाटलं जाई, प्रसंगी विकलंही जाई. त्यामुळे जुन्या कागदात ‘देशमुख’ दिसला की त्याच्या लगतचं ‘परगणे अमुक’ आधी वाचायचं असतं. घराण्याचं आडनाव कधी त्याच कागदात सापडतं, कधी सापडतच नाही.

कागदही एका जागी नाहीत. वऱ्हाड १५९६ मध्ये मोगलांकडे गेलं, १७२४ नंतर निजामाकडे. पुढे नागपूरकर भोसल्यांनी वसुलात वाटा बसवला आणि १८५३ मध्ये कारभार इंग्रजांच्या हाती आला. एकाच घराण्याचा माग काढताना हैदराबादची फारसी, नागपूरची मोडी आणि इंग्रजी अमदानीतली बाळबोध, तिन्ही दप्तरं चाळावी लागतात.

इंग्रजांनी १८६० च्या दशकात मोजणी करून रयतवारी बसवली. खातं थेट शेतकऱ्याच्या नावे झालं आणि मधल्या देशमुखाचं काम उरलं नाही. पांढऱ्या मातीच्या गढ्या पावसागणिक खचत गेल्या, पण नाव टिकलं. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात नावापुढे काहीतरी लिहायचं होतं. अनेक घरांनी तिथं जुना हुद्दाच लिहिला.

ठळक उदाहरण पंजाबरावांचं. डॉ. पंजाबराव देशमुख १८९८ मध्ये पापळ गावी जन्मले. त्यांचं मूळ आडनाव कदम. आणि हे पापळ नांदगाव खंडेश्वर तालुक्यातलं, म्हणजे वाट चुकवणारं दुसरं नांदगाव इथंही आडवं येतंच. पुण्याच्या लोकहितवादींचं, गोपाळ हरी देशमुखांचं, मूळ आडनाव सिद्धये. १९५२ नंतर काही वर्षं नेहरूंच्या सरकारात अर्थखातं चिंतामणराव देशमुखांकडे आणि शेतीखातं पंजाबरावांकडे होतं. एक रायगडाकडच्या नाते गावचे कायस्थ प्रभू, दुसरे वऱ्हाडातले कुणबी-मराठा. लोकहितवादी चित्पावन. तिघांचं आडनाव एक, सोयरसुतक काही नाही.

२०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा घरोघरी आजोबा-पणजोबांचे कागद ट्रंकेतून बाहेर निघाले. आडनावावर बोट ठेवून वाचत जाणाऱ्यांची इथंही पंचाईत होते. जन्म-मृत्यूच्या जुन्या कोतवाल बुकात नोंदीचा साचा असा: मारोती वल्द सखाराम, जात कुणबी, मौजे अमुक. ‘वल्द’पुढे बापाचं नाव, बाई असेल तर ‘कोम’ लिहून नवऱ्याचं. आडनावाला जागाच नाही.

म्हणून नांदगाव पेठच्या देशमुखाने दप्तरात देशमुख शोधत बसू नये. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावरून त्यांच्या वडिलांचं नाव काढावं, मग ‘वल्द’च्या एकेका पायरीने मागे जावं. आणि दर पायरीला मौजेचं नाव ताडून घ्यावं, नाहीतर चार पिढ्या मागे गेल्यावर कळायचं की आपण खंडेश्वरच्या नांदगावात पोचलो आहोत.