नोकरीतून संशोधनाकडे : भांडुप-पवई परिसराच्या संदर्भात प्रौढ तंत्रसंशोधकाचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना :
आधी शिक्षण व नंतर नोकरी, हा क्रम आपण गृहीत धरतो. तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात मात्र अनेक वर्षे नोकरी केल्यानंतर संशोधनासाठी पुन्हा विद्यापीठाची पायरी चढणारे अभियंते व अध्यापक सातत्याने आढळतात. त्यांच्या या परतीचा विचार सामान्यतः जिद्द व चिकाटी या व्यक्तिगत गुणांच्या अंगाने केला जातो. प्रस्तुत लेखात तो रजा आणि वेळ या संस्थात्मक बाबींच्या अंगाने केला आहे.

अनुभवातून उद्भवणारा प्रश्न :
मुंबई हे ठाणे, कल्याण व घाटांशी रेल्वेने जोडण्याची कल्पना मुंबई सरकारचे मुख्य अभियंता जॉर्ज क्लार्क यांना १८४३ मध्ये भांडुपच्या भेटीत सुचली, असे रेल्वेच्या इतिहासात नोंदविले आहे. दहा वर्षांनी, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदरहून ठाण्यास निघालेली पहिली गाडी भांडुपवरूनच गेली. तंत्रज्ञानातील मोठे प्रश्न वर्गाबाहेर, प्रत्यक्ष कामाच्या ओघात सुचतात, याचे हे बोलके उदाहरण होय.

असा प्रश्न घेऊन अभ्यासाकडे वळलेल्यांत आर्देशिर करसेटजी वाडिया (१८०८-१८७७) यांचे नाव अग्रभागी येते. मुंबईच्या गोदीत घडलेल्या या जहाजबांधणीकाराने १८३४ मध्ये माझगाव येथील आपल्या घरी गॅसचे दिवे लावले होते. १८३९ मध्ये, वयाच्या तिशीत, वाफेच्या यंत्रांच्या अभ्यासासाठी ते इंग्लंडला गेले. १८४१ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळविणारे ते पहिले भारतीय ठरले. तेव्हा मुंबईत विद्यापीठ नव्हते. ते १८५७ मध्ये स्थापन झाले. वाडियांच्या पाठीशी घराण्याचे बळ होते. सामान्य नोकरदारास अशी संधी मिळण्यासाठी संस्थात्मक व्यवस्था हवी होती.

पवईतील संस्था आणि परतीच्या वाटा :
ही व्यवस्था भांडुपच्या शेजारी उभी राहिली. भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे अध्यापन १९५८ मध्ये वरळी येथे तात्पुरत्या जागेत सुरू झाले आणि १० मार्च १९५९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते पवई येथे तिची कोनशिला बसली. त्याच सुमारास भांडुपमध्ये सिएटसारखे कारखाने उभे राहत होते. उद्योग आणि संशोधन असे अक्षरशः शेजारी आले.

शासनाने १९७० मध्ये अभियांत्रिकी अध्यापकांसाठी गुणवत्ता सुधार योजना सुरू केली. मूळ संस्थेने पाठविलेल्या अध्यापकास वेतन चालू ठेवून पीएच.डी.साठी ३ वर्षे मिळू लागली. पवईची संस्था या योजनेचे एक प्रमुख केंद्र होती. याशिवाय नोकरीत राहून बाह्य उमेदवार म्हणून नोंदणी करण्याची सोयही झाली. मात्र तीसाठी कामाच्या ठिकाणी संशोधनाची साधने व सहमार्गदर्शक असणे अपेक्षित होते. मोठ्या प्रयोगशाळेतील अभियंत्यास ही अट सुलभ होती. लघुउद्योगातील तंत्रज्ञापाशी प्रश्न असूनही त्याच्यापुढे हे दार अर्धेच उघडले.

२०२२ नंतरची स्थिती :
विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनी एम.फिल. बंद केली आणि अंशकालीन पीएच.डी.स स्पष्ट मान्यता दिली. पीएच.डी.ची कमाल मुदत ६ वर्षे असून पुनर्नोंदणीने ती आणखी २ वर्षे वाढविता येते. अंशकालीन उमेदवारास नियोक्त्याचे ना-हरकत प्रमाणपत्र द्यावे लागते. उमेदवारास संशोधनासाठी पुरेसा वेळ देता येईल, असे त्यात नमूद असावे लागते.

येथेच कळीचा मुद्दा आहे. वेळ देता येईल असे लिहून देणे आणि तासिकांचा भार प्रत्यक्षात कमी करणे, यांत मोठे अंतर आहे. तासिका, परीक्षा आणि मूल्यांकनपूर्व कागदपत्रे आटोपून सायंकाळी संशोधनाला बसणाऱ्या अध्यापकास हे अंतर निराळे सांगावयास नको. प्रस्तुत लेखिकाही एम.फिल.नंतर याच वाटेवर उभी आहे.

समारोप :
वाडियांना घराण्याने वेळ दिला, १९७० च्या योजनेने तो सवेतन दिला, आणि २०२२ च्या विनियमांनी तो प्रमाणपत्रापुरता मान्य केला. परवानगीचा परीघ वाढत असताना वेळेची हमी मात्र सैल झाली, असे या इतिहासातून दिसून येते. महाविद्यालयांनी ना-हरकत प्रमाणपत्रासोबत आठवड्याचे संशोधनाचे तास वेळापत्रकातच नोंदविले, तर प्रौढ संशोधकाची परती केवळ त्याच्या जिद्दीवर अवलंबून राहणार नाही.