कापरेकर मास्तरांचा खेळ

वाशीमच्या बसस्थानकाबाहेर उभ्या असलेल्या एखाद्या 'एमएच ३७' गाडीच्या पाटीवरचे शेवटचे चार अंक घ्या. समजा, ३५२४. अंक उतरत्या क्रमाने मांडले की ५४३२, चढत्या क्रमाने २३४५. वजाबाकी ३०८७. पुन्हा तेच करा : ८७३० वजा ०३७८, म्हणजे ८३५२. आणखी एकदा : ८५३२ वजा २३५८, उत्तर ६१७४. आता पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येणार. चारही अंक सारखे नसले, की कोणतीही संख्या फार तर सात फेऱ्यांत इथे येऊन थांबते.

हा खेळ दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा. जन्म १९०५, डहाणूचा. १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर. पदव्युत्तर पदवी नाही. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ही संख्या मांडली. आपल्याकडच्या अनेक गणितज्ञांनी त्यांचे काम पोरखेळ म्हणून हसण्यावारी नेले. मास्तर पदरमोड करून पुस्तिका काढत राहिले. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या करमणुकीच्या गणिताच्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा जगाला ते कळले.

त्याच वर्षी त्या सदरात आणखी एक कोडे आले. एकाच आकाराचे पंचकोन वापरून, फट न ठेवता फरशी किती प्रकारांनी भरता येईल? सॅन दिएगोच्या मार्जोरी राइस या गृहिणीने ते वाचले. शिक्षण शाळेपुरते. तरी १९७७ पर्यंत त्यांनी चार नवे प्रकार शोधले. डोरिस शॅटश्नायडर या गणितज्ञ बाईंनी ते तपासले आणि गणितविश्वापुढे ठेवले.

पुढे २००८ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाने 'फोल्डइट' हा संगणकावरचा खेळ काढला. त्यात प्रथिनांच्या घड्या घालायच्या. माकडांमध्ये एड्ससारखा रोग करणाऱ्या एका विषाणूतील विकराची रचना शास्त्रज्ञांना दहा वर्षांहून अधिक काळ सापडत नव्हती. खेळाडूंनी तीन आठवड्यांत तिचा उपयुक्त आराखडा दिला. हे संशोधन २०११ मध्ये प्रसिद्ध झाले.

मला वाटते, लोक खेळायला नेहमीच तयार असतात. अडते ते त्यांची वही उघडून पाहणाऱ्यापाशी. राइसबाईंना शॅटश्नायडर लगेच भेटल्या. आपल्या मास्तरांना गार्डनर भेटायला सव्वीस वर्षे लागली. म्हणून गुरुजनहो, वर्गातल्या पोराने उद्या तीन अंकांवर हाच खेळ करून ४९५ गाठले, तर हसू नका. पाच अंकांत असा एकच मुक्काम का मिळत नाही, एवढे त्याला विचारा. आणि त्याचे उत्तर ऐकून घ्या.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)