मोनोवीतला दुसरा माणूस कोण?

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षातली गोष्ट. अमेरिकेच्या जनगणनेचे आकडे एक्सेलमध्ये घेऊन मी छोट्या गावांच्या लोकसंख्यावाढीची टक्केवारी काढत होतो. रकाना उतरत्या क्रमाने लावला, तर वरच्या ओळींमध्ये नेब्रास्का राज्यातलं मोनोवी नावाचं एक गाव दिसलं. दहा वर्षांत वाढ 100 टक्के! मूळ आकडे पाहिले तर 2010 मध्ये लोकसंख्या 1 आणि 2020 मध्ये 2. मला हसू आलं आणि गंमत म्हणून ती ओळ मी सेमिनारच्या स्लाइडवर टाकली. सरांनी एकच प्रश्न विचारला, "हा दुसरा माणूस कोण?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते शोधताना जे हाती लागलं ते आज तुम्हाला सांगतो. तुम्हीही उद्या कुठल्या तरी तक्त्यातला आकडा उचलून प्रबंधात लिहिणार आहात, म्हणून हे माहीत असलेलं बरं.

आधी जागा समजून घेऊ. मोनोवी नेब्रास्काच्या ईशान्य कोपऱ्यात, बॉइड काउंटीत आहे. दक्षिणेला नायोब्रारा नदी, उत्तरेला मिसुरी आणि मधे गवताळ टेकड्या, शेतं, कुरणं. राज्य महामार्ग 12 गावाला लागून जातो. गावाचं क्षेत्रफळ जेमतेम अर्धा चौरस किलोमीटर. कायद्याच्या दृष्टीने मात्र हे रीतसर स्थापन झालेलं 'व्हिलेज', म्हणजे स्वतःचं प्रशासन असलेली स्थानिक संस्था. इथे आपली पहिली गल्लत होते. भारतात जनगणनेच्या लेखी शहर म्हटलं की किमान 5,000 वस्ती, लोकसंख्येची घनता, बिगरशेती रोजगार अशा अटी डोळ्यासमोर येतात. अमेरिकेत 'सिटी' किंवा 'व्हिलेज' हा आधी कायदेशीर दर्जा असतो आणि त्याचे नियम प्रत्येक राज्याचे वेगळे. मिनेसोटातलं टेनी हे गाव 2010 च्या जनगणनेत 5 माणसांचं होतं, तरी कागदावर ती 'सिटी' होती. 2011 मध्ये रहिवाशांनी मतदान करून तो दर्जा सोडला. मोनोवीने तो सोडला नाही, म्हणून जनगणनेच्या तक्त्यात त्याची स्वतंत्र ओळ टिकली.

आता इतिहास. गावाची आखणी 1902 मध्ये झाली, कारण त्या सुमारास रेल्वे तिथवर पोचली होती. त्या भागातल्या अनेक गावांची जन्मकथा अशीच आहे. रेल्वे आली की ठरावीक अंतरावर स्टेशन, स्टेशनभोवती धान्याची कोठारं, दुकानं, चर्च, शाळा. मोनोवीची भरभराट 1930 च्या दशकात होती आणि तेव्हा तिथे 150 माणसं होती, असं बहुतेक लेखांत वाचायला मिळतं. इथे जरा थांबा. जनगणना 1930 मध्ये झाली आणि मग 1940 मध्ये. 'दशकात 150' हा आकडा त्या दोन्हींपैकी कुठल्याच जनगणनेचा म्हणून दिलेला नसतो. तो अंदाज म्हणूनच वाचायचा आणि जनगणनेच्या आकड्यांच्या रांगेत आलेखावर बसवायचा नाही. ही चूक मी केलेली आहे.

पुढची उतरंड सोपी आहे. शेतीत यंत्रं आली, एकेका कुटुंबाकडची जमीन वाढत गेली आणि तेवढंच पीक काढायला कमी माणसं पुरू लागली. तरुण मुलं कामासाठी शहरांकडे गेली. 1967 ते 1970 च्या दरम्यान टपाल कार्यालय आणि उरलीसुरली किराणा दुकानं बंद झाली, 1974 मध्ये शाळा बंद झाली. 1990 च्या जनगणनेत गावात 6 माणसं होती, 2000 मध्ये एक नवरा-बायको. 2004 मध्ये नवरा वारला आणि आजी एकट्या राहिल्या. त्या गावातली खानावळवजा टॅव्हर्न चालवायच्या, नवऱ्याच्या आठवणीत सुरू केलेलं सुमारे 5,000 पुस्तकांचं ग्रंथालय सांभाळायच्या, शिवाय महापौर, कारकून आणि खजिनदारही त्याच. दारूविक्रीच्या परवान्याचा अर्ज त्यांनी करायचा आणि मंजूरही त्यांनीच करायचा! आपल्या महसुली भाषेत उजाड गावाला 'बेचिराख' म्हणतात, म्हणजे जिथे दिवाच उरला नाही असं. मोनोवीत एक दिवा होता.

मग 2020 मध्ये 2 कसे? दुसरा माणूस कोण? कुणीच नाही. गावात आजी एकट्याच होत्या. तो दुसरा माणूस जनगणना विभागाने गणिताने घातला होता, आणि तोही मुद्दाम.

असं बघा, गावात एकच व्यक्ती असेल तर गावाचा तक्ता म्हणजे त्या व्यक्तीचा फॉर्मच. वय, वंश, घर स्वतःचं की भाड्याचं, सगळं उघड. अमेरिकेच्या कायद्यानुसार व्यक्तीची माहिती गुप्त ठेवणं विभागाला बंधनकारक आहे. पूर्वी सारख्या कुटुंबांच्या नोंदी वेगवेगळ्या भागांत अदलाबदल करून हे साधलं जायचं. पण विभागाने स्वतःच्याच 2010 च्या तक्त्यांवर प्रयोग केला तेव्हा लक्षात आलं, की आजच्या संगणकांनी अनेक तक्ते एकत्र सोडवले तर मूळ नोंदींच्या बरंच जवळ जाता येतं. म्हणून 2020 मध्ये 'डिफरन्शियल प्रायव्हसी' ही पद्धत आली. यात आकड्यांमध्ये ठरलेल्या गणिती नियमाने थोडा यादृच्छिक फरक मिसळतात. राज्याची एकूण लोकसंख्या जशीच्या तशी ठेवतात, खालच्या पातळीवरचे आकडे थोडे हलतात. ओमाहासारख्या शहरात एक माणूस इकडेतिकडे झाला तर कुणाला कळतही नाही. मोनोवीत मात्र लोकसंख्या दुप्पट होते. माझी '100 टक्के वाढ' ही अशी होती.

पण सरांचा प्रश्न माझ्यासाठी इथे संपला नाही. तक्त्यात नसलेला माणूस दिसू शकतो, तसा असलेला माणूस गाळलाही जाऊ शकतो. मोनोवीच्या बहुतेक गोष्टी 1902 पासून सुरू होतात, जणू त्याआधी जमीन रिकामी होती. नायोब्राराच्या या परिसरात पोंका लोक राहत होते. 1877 मध्ये सरकारने त्यांना बळजबरीने दक्षिणेला, आजच्या ओक्लाहोमात हलवलं. तिथे अनेक जण दगावले. पोंकांचे प्रमुख स्टँडिंग बेअर यांचा मुलगाही गेला. त्याला पूर्वजांच्या भूमीत पुरण्यासाठी ते त्याचे अवशेष घेऊन परत निघाले आणि वाटेत पकडले गेले. 1879 मध्ये ओमाहाच्या न्यायालयात खटला चालला. न्यायाधीश एल्मर डंडी यांनी निकाल दिला, की मूलनिवासी हा कायद्याच्या दृष्टीने 'व्यक्ती' आहे. हे न्यायालयात सिद्ध करावं लागलं! त्या काळी प्रतिनिधींच्या जागा ठरवण्यासाठीच्या मोजणीतून 'कर न भरणारे इंडियन' संविधानानेच वगळलेले होते.

तेव्हा तुम्ही छोट्या गावाचा आकडा वापरणार असाल तर माझ्याकडून एवढं घ्या. आकड्यामागची सीमा कुठली, मोजणीचा दिवस कुठला आणि मधे काय प्रक्रिया झाली, हे आधी तपासा. एकअंकी छेदावर टक्केवारी काढू नका, सरळ संख्या लिहा. शक्य असेल तिथे तक्त्याच्या मागे जा. अमेरिकेत जनगणनेचे मूळ फॉर्म 72 वर्षांनी खुले होतात. 1950 चे 2022 मध्ये खुले झाले, त्यामुळे तोवरची माणसं नावानिशी, घरागणिक वाचता येतात.

माझ्या स्लाइडवरची ती ओळ मी काढली नाही. तिथे आता '1 (2010). 2 (2020, गोपनीयतेसाठी बदललेला आकडा)' असं लिहिलंय, आणि दरवेळी कुणीतरी हात वर करून विचारतंच, दुसरा कोण?