टाक्याचे की बिनटाक्याचे?

धाराशिव जिल्ह्यात भूम-परंड्याकडे मोतीबिंदूच्या शिबिराची बातमी आली, की म्हाताऱ्या माणसांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ऑपरेशन टाक्याचे की बिनटाक्याचे? प्रश्न साधा वाटतो. त्याचे नेमके उत्तर मिळायला मात्र फार काळ जावा लागला.

सुश्रुतसंहितेत शलाकेने मोतीबिंदू हटवण्याची रीत आहे. गढूळ झालेले नेत्रभिंग सुईने खाली पाडायचे; ते डोळ्यातच राही. १७४७ साली फ्रान्समध्ये झाक दाव्हिएलने भिंग छेद घेऊन बाहेर काढले. पुढे त्याने २०६ शस्त्रक्रियांपैकी १८२ यशस्वी झाल्याचे कळवले. पण यश ठरवले कोणी? त्यानेच! १९४९ मध्ये लंडनला हॅरॉल्ड रिडली यांनी कृत्रिम भिंग बसवले. त्यानंतर रूढ झालेल्या पद्धतीत सुमारे १० ते १२ मिलिमीटरचा छेद घेऊन तो टाक्यांनी शिवत. नव्या पद्धतीत श्वेतपटलातून सहा-सात मिलिमीटरचे तिरके भुयार करतात. डोळ्यातल्या दाबानेच ते झडपेसारखे मिटते.

या दोहोंची रीतसर तुलना पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात झाली. निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. ७४१ रुग्ण. कोणाला कोणती शस्त्रक्रिया, हे डॉक्टरांच्या पसंतीवर न सोडता यादृच्छिक पद्धतीने ठरवले. पसंतीवर सोडले असते, तर सोपे डोळे नकळत लाडक्या पद्धतीच्या वाट्याला गेले असते.

सहा आठवड्यांनी ७०६ जणांची नजर तपासली गेली. (न आलेल्या ३५ जणांचा हिशेब या आकड्यांत नाही, हे विद्यार्थ्यांना जरूर दाखवावे.) कसोटी ६/१८ ची, म्हणजे निरोगी डोळा जी ओळ १८ मीटरवरून वाचतो ती ६ मीटरवरून वाचता येणे. चष्मा लावून बिनटाक्याच्या गटात ८९.८ टक्के व टाक्याच्या गटात ८६.७ टक्के रुग्ण उतरले. फरक किरकोळच. चष्म्याविना मात्र ३४४ पैकी १६५ विरुद्ध ३६२ पैकी १३५, म्हणजे ४७.९ आणि ३७.३ टक्के!

कारण टाके पारपटलाला ओढतात, त्याची वक्रता सगळीकडे सारखी राहत नाही आणि प्रतिमा पुसट होते. चष्म्याने ते सुधारते, पण त्यासाठी पुन्हा तालुक्याला जायचे, सोबतीला येणाऱ्या मुलाची मजुरी बुडवायची. आमच्या मते अशा आजीच्या दृष्टीने चष्म्याविनाचा आकडाच खरा.

२००५ मध्ये त्याच रुग्णालयाने ४०० रुग्णांवर बिनटाक्याची पद्धत आणि फेको (अतिध्वनीने भिंगाचा चुरा करून शोषून घेणे) यांची तुलना प्रसिद्ध केली. चष्म्याविना फेको ८१, दुसरी ७१ टक्के. चष्म्यासह दोन्हींकडे ९८. फेकोला महागडे यंत्र लागते. त्यामुळे शिबिरांतून हाताने केलेली बिनटाक्याची शस्त्रक्रिया आजही मोठ्या प्रमाणावर होते.